खर्डीचा रफार

ठाणे जिल्ह्यातल्या खर्डी, आटगाव, कसारा या पट्ट्यातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने बारावीनंतर मोशन ग्राफिक्स शिकायचे म्हटले की मिळणारा सल्ला ठरलेला असतो. आधी चांगला कॉम्प्युटर घे, मग कल्याणला नाहीतर ठाण्याला क्लास लाव, तिथे सॉफ्टवेअर शिकवतात. चित्र येत नसले तरी बिघडत नाही, आता सगळे मशीनच करते. आणि खर्डीत बसून हे होणारे नाही, एवढे लक्षात ठेव. सल्ला देणारे बहुधा भल्या मनाचे असतात. मामा असतो, शाळेतले सर असतात, क्लासवाल्याचे माहितीपत्रक असते. त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार क्रमाबद्दल आहे. जे शेवटी घ्यायचे ते हा सल्ला आधी घ्यायला लावतो, आणि जे आधी शिकायचे ते शिकायचेच नाही असे सांगतो. त्यातून घरातली जमवलेली रक्कम जाते, रोजचा कल्याणपर्यंतचा तासाभराचा प्रवास वाट्याला येतो, मुरबाडकडच्या मुलांना तर रेल्वेच नसल्याने एसटीची वाट पाहावी लागते, आणि वर्षअखेरीस हाती येते ती कोणत्या मेनूत कोणते बटण आहे याची माहिती.

मोशन ग्राफिक्स म्हणजे हलती अक्षरे, आकृत्या, नकाशे आणि आकडे. बातम्यांखालची पट्टी, निकालाच्या दिवशी वाढत जाणारे पक्षांचे खांब, सिनेमाची श्रेयनामावली, सरकारी योजना समजावणारी फीत, लग्नाची व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी पत्रिका, हे सगळे त्यात आले. या कामाला हे नाव रूढ होण्यात जॉन व्हिटनी या अमेरिकन माणसाचा मोठा वाटा आहे. त्याने १९६० मध्ये मोशन ग्राफिक्स याच नावाची कंपनी काढली. त्याचे यंत्र कोणते, तर दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात निघालेले, विमानविरोधी तोफेचा नेम धरणारे उपकरण. ते उघडून त्याने त्यातून आकृत्या फिरवल्या. कुठल्या दुकानात मोशन ग्राफिक्सचे यंत्र मिळत नव्हते म्हणून तो थांबला नाही. कारण त्याला काय हलवायचे आणि किती वेळात हलवायचे हे आधी ठाऊक होते. या विद्येचा खरा विषय तोच आहे: वेळ. चित्रकार जागा वाटतो, अ‍ॅनिमेटर वेळ वाटतो. एखादी गोष्ट इथून तिथे न्यायला किती फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्रे, द्यायच्या, त्यातल्या किती सुरुवातीला आणि किती शेवटी, कुठे थांबायचे, हे ज्याला कळले त्याला विद्या कळली. बाकी साधने.

हे तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून हिशेबच मांडतो. नवशिक्याला जगभर पहिला धडा उसळणाऱ्या चेंडूचा देतात. सव्वा मीटरवरून सोडलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात जमिनीला टेकतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १२ फ्रेम झाल्या. त्यांचे तीन-तीनचे चार गट पाडा. पहिल्या गटात चेंडू सुमारे ८ सेंटीमीटर उतरतो, दुसऱ्यात २३, तिसऱ्यात ३९ आणि चौथ्यात ५५. हे एक, तीन, पाच, सात असे प्रमाण आहे. ते गॅलिलिओने काढले, आणि त्यामागचे गुरुत्वाकर्षण आपली मुले दहावीच्या विज्ञानात शिकतात. वहीच्या कोपऱ्यात या अंतरांवर बारा गोळे काढून पाने अंगठ्याने सोडली की चेंडू पडतो. तेच बारा गोळे सारख्या अंतरावर काढा, चेंडू पडत नाही, दोरीने खाली सोडल्यासारखा उतरतो. हा फरक डोळ्याला एकदा दिसला की तो आयुष्यभर दिसत राहतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र पहिल्याच दिवशी दोन कीफ्रेम, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची जागा, लावून मधला प्रवास मशीनवर सोपवायला शिकवतात. मशीन अंतर सारखे वाटते, मग त्यावर एक तयार 'ईझ' चिकटवायचा, झाले काम. चेंडू रबराचा की लोखंडाचा, हा प्रश्न त्या मुलाला कोणी विचारलेलाच नसतो.

'ईझ' म्हणजे तरी काय? हळू सुटणे आणि हळू थांबणे. खर्डीच्या फलाटावरून निघालेली लोकल हेच करते. खिडकीत बसून ओव्हरहेड वायरचे खांब मोजत गेले तर कळते: खांब जवळपास सारख्या अंतरावर, पण पहिल्या दोन खांबांमध्ये लागणारा वेळ मोठा, मग तो घटत जातो, मध्ये काही काळ एकसारखा राहतो, आणि पुढचे उंबरमाळी स्टेशन जवळ आले की पुन्हा वाढतो. हे सेकंद कागदावर मांडले की जी वक्ररेषा मिळते तीच सॉफ्टवेअरच्या ग्राफमध्ये असते. पुढे कसाऱ्याला लांब पल्ल्याच्या गाडीला मागून बँकर इंजिने जोडतात, कारण इगतपुरीपर्यंतचा चढ ३७ ला १ असा आहे. त्या गाडीचे सुटणे आणि लोकलचे सुटणे यांत वजनाचा फरक आहे, आणि तो वेळेतून दिसतो. वजन दाखवायचे म्हणजे वेळ दाखवायचा, हे पुस्तकातले वाक्य तिथे डोळ्यांसमोर घडते. कल्याणच्या वातानुकूलित खोलीत हे दिसत नाही असे मी म्हणत नाही. खर्डीत दिसत नाही, असे जे म्हणतात त्यांना हे उत्तर आहे.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. मोशन ग्राफिक्समध्ये अक्षर हा नायक असतो, आणि आपले अक्षर देवनागरी आहे. क्लासमधले धडे बहुतेक इंग्रजी ट्यूटोरियलवरून उतरवलेले असतात. त्यातला सर्वांचा आवडता प्रयोग म्हणजे टाइपरायटरसारखे एकेक अक्षर उमटवणे. रोमन लिपीत तो बिनचूक चालतो, कारण तिथे वर्ण एकामागे एक उभे असतात आणि पुढचा आला म्हणून मागचा हलत नाही. आता हाच प्रयोग 'खर्डी' या नावाला लावून पाहा. कॉम्प्युटरच्या पोटात हे नाव ख, र, हलंत, ड, दीर्घ वेलांटी अशा क्रमाने साठवलेले असते. पडद्यावर आधी 'ख' येतो. मग 'खर', म्हणजे पूर्ण र. मग 'खर्', पाय मोडलेला र. मग अचानक तो र जागेवरून नाहीसा होतो आणि ड च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. शेवटी वेलांटी आली की रफार आणखी सरकून तिच्या माथ्यावर जातो. पाच पायऱ्यांत एक वर्ण तीन जागी दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, पडदा अडखळला. शेजारच्या किन्हवलीची गत वेगळी नाही: आधी क उमटतो, मग ऱ्हस्व वेलांटी त्याच्या डावीकडे घुसते आणि क ला उजवीकडे ढकलते. गंमत अशी की 'मुरबाड' आणि 'शहापूर' यांना हा त्रास होत नाही. त्यांत जोडाक्षर नाही, रफार नाही, ऱ्हस्व वेलांटीही नाही. म्हणजे शिकवणाऱ्याने नमुन्याला मुरबाड घेतले तर आपण चुकतो आहोत हे त्याला वर्षानुवर्षे कळणारही नाही.

उपाय अवघड नाही, पण तो बटणात सापडत नाही, लिपीत सापडतो. मराठीत मोजण्याचे एकक वर्ण नव्हे, अक्षर. खर्डी हे दोन अक्षरांचे नाव: 'ख' आणि 'र्डी'. दोन तुकडे करा, दोनच हालचाली द्या. किंवा हात कसा लिहितो ते पाहा. आपण आधी अक्षरे लिहितो आणि मग वरून रेघ ओढतो. तर अक्षरे एकेक उतरू द्या आणि शेवटी शिरोरेघ डावीकडून उजवीकडे धावू द्या; रोमन लिपीला न सुचणारी हालचाल फुकट मिळते. हे ज्याला सुचेल त्याने आधी अक्षर हाताने गिरवलेले असते. कॉम्प्युटरवरच्या देवनागरीचा इतिहासही हेच सांगतो. विंडोजमधला मंगल हा फाँट आपण इतकी वर्षे निमूटपणे वापरला. तो घडवणारे र. कृ. जोशी मुळात सुलेखनकार होते, बोरूवर हात बसलेले. आज मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्त आणि बालू हे फाँट कोणालाही विनाशुल्क वापरता येतात. तेही अक्षराचा अभ्यास केलेल्यांनीच केले आहेत.

'चित्र येत नसले तरी चालते' या वाक्याचा हिशेब इथेच करून टाकू. महाराष्ट्रात शाळाशाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय ग्रेड परीक्षा होतात. त्यात स्मरणचित्र असते, संकल्पचित्र असते, आणि भूमितीबरोबर अक्षरलेखन असते. आकृतीत जागा वाटणे, पाहिलेले आठवून काढणे, अक्षराची जाडी आणि अंतर सांभाळणे, ही मोशन ग्राफिक्सची पायाभरणीच आहे, आणि ती शाळेच्या फीमध्ये होते. पण आपल्याकडे या परीक्षा दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून देतात आणि गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. मग तीच विद्या नसल्याने अडलेला मुलगा तीन वर्षांनी कल्याणला जाऊन शुल्क भरतो.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा असतो. नोकरीच्या जाहिरातीत 'वेळेचे भान हवे' असे कोणी लिहीत नाही, सॉफ्टवेअरचे नाव लिहितात. खरे आहे. म्हणून सॉफ्टवेअर शिकूच नका असे माझे म्हणणे नाही. पण त्याचे आयुष्य किती हे तरी पाहा. एके काळी अ‍ॅनिमेशन शिकणे म्हणजे फ्लॅश शिकणे होते. गल्लोगल्ली त्याचे वर्ग होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार अधिकृतपणे बंद झाला. फ्लॅशमध्ये ज्यांनी वेळ आणि हालचाल शिकली होती ते दुसऱ्या साधनाकडे वळले. ज्यांनी फ्लॅशची बटणे शिकली होती त्यांची बटणे गेली. ताजे उदाहरण लाटव्हियाचे. वीस लाखांहून कमी वस्तीच्या या देशातल्या गिंट्स झिल्बालोडिस या दिग्दर्शकाने 'अवे' हा पहिला मोठा चित्रपट एकट्याने माया या सॉफ्टवेअरवर केला. पुढचा 'फ्लो' करताना त्याने माया सोडले आणि ब्लेंडर घेतले, जे २००२ पासून मुक्त आहे आणि उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. त्या 'फ्लो'ला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. दोन चित्रपटांच्या मध्ये त्याने सॉफ्टवेअर बदलले, कला बदलली नाही. यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. अर्थात ब्लेंडरमधले त्रिमिती काम जुन्या लॅपटॉपवर रखडते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण नवशिक्याला त्रिमितीची घाई कशाला? क्रिता, ओपनटूंझ ही द्विमिती कामाची साधनेही मुक्त आहेत, आणि त्याआधी वही आहे, फोन आहे. फोन विटेला टेकवून स्थिर ठेवला, चिंचोके एकेक बोट सरकवत फोटो काढले आणि सेकंदाला बारा या वेगाने चालवले तर दहा सेकंदांच्या फितीला १२० फोटो लागतात. एका दुपारचे काम.

कोणी म्हणेल, दादासाहेब फाळके लंडनला गेलेच ना? कॅमेरा आणलाच ना? गेले, आणलाही. फाळक्यांचे नाव इथे यायलाच हवे, कारण कसाऱ्याचा घाट चढून गेले की त्यांचा नाशिक जिल्हा, त्र्यंबकेश्वर त्यांचे जन्मगाव, आणि हिंदुस्थानात न हलणाऱ्या वस्तू पडद्यावर हलवण्याचे पहिले प्रयोग त्यांचेच. १९१२ मध्ये लंडनहून परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून 'अंकुराची वाढ' केली. महिन्याभराची वाढ मिनिटभरात. पुढे १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. वाटाणा आणि आगकाड्या: यांपेक्षा स्वस्त कलावंत कुठले? पण लंडनचा मुद्दा टाळायचा नाही. फाळके लंडनला गेले तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. त्याआधी जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन झाले होते, छायाचित्रण झाले होते, ब्लॉक आणि छपाई झाली होती, जादूचे प्रयोगसुद्धा झाले होते. म्हणून ते काही आठवड्यांत काम उरकून परतले. काय विकत घ्यायचे आणि काय विचारायचे हे त्यांना ठाऊक होते. लंडनने त्यांना कलावंत केले नाही. कलावंत लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आला. खर्डीहून ठाण्याला जाणाऱ्याने हाच क्रम ठेवावा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे आणि तो मला हलका करायचा नाही. पोट भरलेल्यांनी 'आधी कागदावर शिका' म्हणावे, ज्याच्या घरी भातशेतीवर वर्ष निघत नाही त्याने लवकर कमवायचे की वहीत गोळे काढत बसायचे? तर हिशेब असा. मी सांगतो तो अभ्यास वर्षांचा नाही, तीन-चार महिन्यांचा आहे, आणि तो कॉलेज किंवा मजुरी सांभाळून होतो. उलट घाई करून सॉफ्टवेअरचालक झालेल्याला जे पहिले काम मिळते ते टेम्प्लेटमध्ये नावे भरण्याचे. वाढदिवसाच्या फिती, दुकानाचे लोगो, बातमीची पट्टी. हे काम सर्वांत कमी पैशाचे आहे आणि आता सर्वांत आधी यंत्राच्या हाती जाणारेही तेच. म्हणजे गरिबाच्या घाईचे कारण पुढे करून त्याला नेमक्या बुडणाऱ्या होडीत बसवायचे, आणि वर तिकीटही घ्यायचे. गरिबीचा खरा कळवळा असेल तर पंचायतीने आणि शाळांनी संगणक कक्ष संध्याकाळी उघडे ठेवावेत आणि त्यांत ही मुक्त साधने बसवावीत. त्याला खर्च विजेचा आणि एका माणसाच्या दोन तासांचा.

एआयची भीती हीच गोष्ट वेगळ्या तोंडाने सांगते. वाक्य लिहिले की चित्रफीत तयार होते, मग शिकायचे कशाला? ही यंत्रे देवनागरी लिहिताना अडखळली तरी त्या अडखळण्यावर आपला युक्तिवाद उभा करू नये, ती सुधारतील. प्रश्न वेगळा आहे. यंत्राने दहा फिती काढून दिल्या तर त्यातली कोणती बरोबर, हे कोण सांगणार? चेंडू हलका पडतो आहे, आकडा वाचून होण्याआधीच निघून जातो आहे, रफार उड्या मारतो आहे, हे ज्याला दिसत नाही त्याला यंत्राने काय दिले हेही कळत नाही. ज्याला दिसते तो सांगेल आणि दुरुस्त करून घेईल. बटणे दाबण्याचे शिक्षण यंत्राने निरुपयोगी केले, पाहण्याचे केले नाही.

एका गोड बोलण्यापासूनही सावध राहायला हवे, कारण ते आपल्या बाजूचे वाटते. ठाणे-पालघरच्या आदिवासी मुलांच्या रक्तातच चित्रकला आहे, असे शहरातले पाहुणे म्हणतात. रक्तात काही नसते. वारली चित्रे पूर्वी लग्नाच्या चौकासाठी सवाशिणी काढत. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद दिला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या त्रिकोणांना आणि वर्तुळांना आयुष्य दिले. २०११ च्या पद्मश्रीमागे रक्त नव्हते, चाळीस वर्षांचा रोजचा हात होता. वारली चित्रातल्या माणसाची कंबर म्हणजे दोन त्रिकोणांची टोके जिथे भेटतात तो बिंदू. तिथून आकृती वाकवता येते. तारपा वाजवणाऱ्याभोवतीची नाचणाऱ्यांची साखळी किती वेळात एक फेरा घेते हे मोजता येते. ते शिकून करायचे काम आहे, आणि वारली आकृत्या नुसत्या टेम्प्लेटमध्ये ओतणारे शहरी स्टुडिओ ते करत नाहीत.

आणि विषय? शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा या धरणांतून मुंबईला पाणी जाते. एकट्या भातशाचा वाटा जवळपास निम्मा. त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. एक नकाशा, एक वाढत जाणारी निळी रेघ, एक थांबलेला टँकर, आणि वाचायला पुरेल इतका वेळ पडद्यावर राहणारा आकडा. मिनिटभराची फीत. ती कोणत्या कंपनीच्या टेम्प्लेटमध्ये मिळणार नाही, आणि रेघ किती सेकंदांत मुंबईला पोहोचावी हे इथल्या मुलाइतके कोणाला सांगता येणार नाही.

तेव्हा पालकांना एवढीच विनंती. क्लास लावायचा असेल तर जरूर लावा, पण फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला एक काम सांगा: पडद्यावर 'खर्डी' हे नाव एकेक अक्षराने उमटवून दाखवा. मुरबाड नको, खर्डीच. रफार इकडून तिकडे उड्या मारत गेला आणि त्यात काही चुकले असे त्यांना वाटलेच नाही, तर पैसे खिशातच ठेवा आणि पुढच्या कसारा लोकलने परत या.